तातेरावांनी रंगवलेली पिवळी कड

तातेराव रंगाऱ्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या पंचक्रोशीत सापडायचा नाही. एक म्हणजे, त्यांच्या हाताला सरळ रेघ ओढायला दोरी लागत नाही. दुसरी म्हणजे, त्यांचा राग. दुसऱ्यांचा राग नाकावर बसतो, तातेरावांचा राग चपला घालून समोरच्याच्या दारात जातो.

सिद्धेश्वरकडच्या दोघा भावांनी एकदा त्यांना पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला बोलावलं. थोरला म्हणे हिरवी करा, धाकटा म्हणे लाल. दोघं गोठ्यात हमरीतुमरीवर आले, बैल बिचारे खाली मान घालून उभे. तातेरावांनी बराच वेळ ऐकलं. मग एका बैलाचं एक शिंग हिरवं केलं, दुसरं लाल केलं, दुसऱ्या बैलाला नुसतं तेल चोळलं आणि डबे उचलून निघाले. म्हणाले, "तुमचं भांडण मिटलं की निरोप धाडा. तवर बैलाला काहून नटवता, त्यालाच लाज वाटून राहिली." पोळ्याच्या मिरवणुकीत तो बैल तसाच चालला आणि वाजंत्री वाजवणाऱ्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून तातेरावांच्या दारात हजर.

तेव्हा त्यांचे दिवस होते. नरसीच्या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. लग्नघर म्हटलं की भिंतीवर कलश, केळीचे खांब आणि नवरा-नवरीची नावं काढायला तातेरावच पाहिजेत. पुढं फ्लेक्स आला आणि भिंती मुक्या झाल्या. फ्लेक्सवर त्यांचा फार राग. "त्यात माणसाचं तोंडच मोठं दिसतं, नाव वाचायला चष्मा लागतो," म्हणायचे.

रंगांचा त्यांचा एक कायदा होता. तो कोणी लिहिलेला नव्हता, पण त्यांच्या आजाच्या काळापासून घरात चालत आलेला. पिवळा म्हणजे हळद. लग्न, ओटी, बारसं, जिथं जिथं बरं काही होणार तिथं पिवळा. चुना भिंतीला चालतो, पण दाराच्या पायाशी नुसता पांढरा पट्टा त्यांनी जन्मात ओढला नाही. पांढरा पट्टा म्हणजे मेल्या माणसावर ओढलेलं कापड, असं त्यांच्या डोक्यात पक्कं.

याच कायद्यानं पुढं घोटाळा केला.

तालुक्याच्या गावाला नवा सिमेंटचा रस्ता झाला. गावाचं नाव कशाला घ्यायचं, तिथले लोक भले आहेत, दोष त्यांचा नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना सिमेंटचे लांबट दगड बसवले आणि ते रंगवायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. ठेकेदारानं हरीश नावाचा माणूस धाडला. या हरीशला मोटारसायकलवरून न उतरता बोलायची सवय. गाडी चालूच, एक पाय जमिनीला.

"मामा, काम लवकर आटपायचं बरं का. मोठे साहेब पाहणीला येऊन राहिलेत."

"कुठं कोणता रंग मारायचा?" तातेरावांनी विचारलं.

"पिवळा हाय, पांढरा हाय. मारा बराबर. तुमाला मी काय शिकवणार?"

"तरी बी, काही ठरलं असंल की वरतून."

"ठरलं तर हायेच. दवाखाना, शाळा, देऊळ, इथं झकास दिसू द्या. साहेब तिथं गाडीतून उतरणार. बाकी कोण पाहते?" आणि गेला धूर सोडत.

बस, एवढीच शिकवणी. तातेरावांनी दवाखान्याच्या दारापासून सुरुवात केली. दवाखाना बाळंतपणाचा, सरकारी. आसपासच्या साऱ्या गावांच्या, तांड्यांच्या बाया तिथंच येतात. लेकरू जिथं पहिला श्वास घेतं तिथं हळदीचाच रंग पाहिजे, म्हणून त्यांनी फाटकापासून फाटकापर्यंत पिवळाधमक हात मारला, तो वाळल्यावर वरून आणखी एक. शाळेपुढं पिवळा, देवळापुढं पिवळा. पांढरा डबा उघडला तो पुढं, मसणवटीकडं रस्ता वळतो तिथं. येणाऱ्या-जाणाऱ्याला "कसं शोभलं?" म्हणून विचारतही होते. मोठे साहेब आले, गाडीची काच वर होती ती तशीच वर राहिली, आणि गेले.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते नंतर. काही महिन्यांनी नगरपंचायतीला अचानक आठवलं की मोठ्या शहरांत म्हणे रस्त्याच्या कडांना रंग असतो आणि त्या रंगावरून गाडी कुठं लावायची ते ठरतं. आपल्याकडं रंग तर आहेच, मग नियमही करून टाकू. जगात आधी नियम करतात, मग त्याप्रमाणं रंग मारतात. इथं रंग आधी वाळला आणि त्याच्यावर नियम चढवला. भोंगा लावलेला रिक्षा गावभर फिरला: पिवळ्या कडेला वाहन थांबवू नये, पांढऱ्या कडेला उभे करावे, कसूर केल्यास कारवाई होईल. कोणता रंग कशासाठी हे सांगणारी एखादी पाटी तरी लावावी, तर पाटीचं काम वेगळ्या ठेकेदाराचं, आणि तो कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तातेराव तेव्हा आपल्या खेड्यात कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर काढत बसले होते. त्यांच्या कानावर यातलं अक्षर आलं नाही.

ते कळलं अमरसिंगकडून. अमरसिंग शेजारच्या तांड्यावरचा रिक्षावाला. तातेरावांची लेक पुनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, आणि वेळ आली की तिला न्यायला अमरसिंगनं यायचं असं ठरलं होतं. एका सकाळी तो स्वतःहूनच आला, ओट्यावर टेकला.

"मामा, ताईला न्यायचं तवा जरा अगोदरच हाक मारा मला."

"काहून? दवाखाना पळून चालला का?"

"दवाखाना जागेवर हाय. पण दारात थांबू देईनात. पिवळा पट्टा हाय न्हवं."

"मंग? पिवळा हाय म्हंजे काय झालं?"

"पिवळ्यावर थांबलं की शिट्टी. चाकाला साखळी घालतेत. पुढं मसणवटीच्या वळणावर पांढरा हाय, तिथं उतरवा म्हणतेत. तिथून बाईनं पायी यायचं उलटं." अमरसिंगनं गमछ्यानं तोंड पुसलं. "परवा शिरड शहापूरकडची एक पोरगी आणली होती मी. तिला कळा चालू. म्हटलं साहेब, मिनिटभर. न्हाई म्हणला. उतरवली वळणावर. सासूच्या खांद्यावर हात टाकून निघाली आन् अर्ध्या वाटंत रस्त्यातच बसली. बायांनी लुगड्याचा आडोसा केला. देवाच्या दयेनं दोघं बरे हायेत. पण रस्त्यात, मामा. दवाखाना समोर दिसत असताना."

तातेरावांचं तोंड लाल झालं. "कोण्या मूर्खानं तिथं पिवळा मारला?"

आत जमनाबाई, त्यांची बायको, ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. "अवं, त्याला कशाला हुडकायला जाता? ओट्यावरच बसलाय त्यो."

अमरसिंग रिक्षाकडं पाहू लागला. तातेरावांनी आपल्या पायजम्यावरचा पिवळा डाग पाहिला. मग उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

दवाखान्यापुढं शिट्टीवाला शिपाई उभा होताच. तातेरावांनी त्याला बोटानं कड दाखवली. "साहेब, हा रंग चुकून लागलाय. इथं पांढरा पाहिजे होता."

"चुकून का होईना, पिवळा हाय ना? मला सांगितलंय पिवळ्यावर थांबू द्यायचं न्हाई."

"दवाखान्याच्या दारात बी?"

"दार मला सांगितलं न्हाई, रंग सांगितलाय."

"समजा हिरवा मारला तर?"

शिपायानं खरोखर विचार केला. "हिरव्याचं काही आलं न्हाई वरून. इचारावं लागंल."

तिथून तातेराव नगरपंचायतीत. आधी एका टेबलाला, मग दुसऱ्या, मग बाकावर. साहेबांचा चहा, साहेबांचा फोन, साहेबांचे पाहुणे. शेवटी आत गेले. तातेरावांनी सरळच सांगितलं, की कड म्या रंगवली, मला रंगाचं कोणी काही सांगितलं नव्हतं, चूक झाली, माझ्या हातानं दुरुस्त करून देतो, रंगाचा डबा बी माझाच.

साहेबांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही रंगवली? काम तर ठेकेदाराच्या संस्थेनं केलंय."

"संस्थेनं डबे धाडले. हात माझा होता."

"तुमचं नाव कुठंच नाही. तुम्ही रंगवलेलंच नाही, काका."

आता सांगा. माणूस आपणहून चूक कबूल करायला आलाय आणि सरकार म्हणतं, तुझी चूक करायची लायकी नाही. तातेरावांनी पायजम्याचा पिवळा डाग पुढं केला. "हे काय मंग?"

"असे डाग कुठंही पडतात."

"बरं, न्हाई रंगवलं म्या. भुतानं रंगवलं. पण आता पांढरं करा."

"त्याला ठराव लागतो. ठरावाला सभा लागते. सभा पुढच्या खेपेला."

"माझ्या लेकीला सांगू का मंग, की सभा होईस्तोवर कळ काढ म्हणून?" तातेरावांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. "आन् दारात पिवळं असावं ह्याचा ठराव कधी केला तुमी?"

साहेबांनी फोनकडं हात नेला. "तो कशाला करायचा? ते आधीपासूनच आहे."

तातेराव घरी आले ते वाटभर दगडांशी बोलत आले. ज्याला मारायला ठराव लागला नाही त्याला पुसायला ठराव लागतो. ज्यानं मारला त्याला कोणी ओळखत नाही, आणि ज्यांनी मारलाच नाही ते त्या रंगाचे मालक. रात्रीची भाकर तशीच राहिली. सकाळी त्यांनी माळ्यावरून पांढरा डबा काढला आणि ओट्यावर ठेवून त्याच्याकडं पाहत बसले. कारण राग एकीकडं आणि आजाचा कायदा एकीकडं. ब्रश काही उचलवेना.

जमनाबाईनं पाहिलं. "बाळंतिणीच्या दारात पांढरं मारणार तुमी? पोरगी आठ-पंधरा दिवसांत जाणार तिथं. काय मेलं सुचतं तरी."

"मंग काय करू? त्या शिट्टीवाल्याला दोनच रंग येतेत."

"मला न्हाई पटत."

"मला पटतंय असं कोण म्हणलं?"

पुनम भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. तिला हसू आलं. "बाबा, आई, तुमी दोघं रंगाचं भांडत बसा. मला रंगावर न्हाई निजायचं, खाटेवर निजायचंय. दारापासून खाट जवळ पाहिजे, एवढंच बघा. आन् पांढऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात? लेकराच्या तोंडात पहिलं काय जातं? दूध पांढरंच असतंय की."

जमनाबाईनं सूप हातात घेतलं. ती म्हणाली, "ब्रश तरी नवा न्या. मसणवटीचा नका नेऊ."

बाजाराचा आदला दिवस होता, ऊन चांगलं वर आलं होतं. तातेरावांनी दवाखान्यापुढं बसकण मारली आणि पहिला हात ओढला. फाटकाशी बाळंतिणींच्या आया-सासवा किटल्या, पिशव्या घेऊन बसलेल्या. त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. एकजण उठून आली.

"आजा, दारात पांढरं काहून करता? चांगलं पिवळं होतं की."

"त्या पिवळ्यापायी बाया रस्त्यात बाळंत होऊन राहिल्या."

"अगं बाई. मंग तो मारला तरी कोण्या मेल्यानं?"

तातेरावांनी ब्रश डब्यात बुडवला. "मेला न्हाई अजून. तुमच्याम्होरं बसलाय."

ती बाई हसली आणि मग तिनं हातानं पिवळ्यावरची धूळ झाडून दिली, म्हणजे रंग बरा बसेल. आणखी दोघी आल्या. निम्मं काम त्यांनीच केलं. शिपाई आला तेव्हा अखेरचा दगड राहिला होता.

"ओ बाबा, कोणाचा आदेश हाय?"

"हाय."

"कोणाचा?"

"माझा."

शिपायानं त्यांना ब्रशसकट चौकीत नेलं. तिथले जमादार वयानं मोठे, गुडघे दुखणारे. त्यांनी तातेरावांना बाकावर बसवलं आणि म्हणाले, नगरपंचायतीचा माणूस येऊन तक्रार देईल, तोवर बसा. तातेराव बसले. बसले म्हणजे काय, बाकावर बसून सबंध चौकीला सुनावत राहिले. "सरकारी रंग खराब केला म्हणता. तो रंग सरकारी कधी झाला? माझ्या घामानं ओला होता तो." जमादारांनी दोनदा पाणी दिलं. पाणी पिऊन पुन्हा सुरू.

आणि इकडं दुपारी पुनमला कळा लागल्या. तातेराव चौकीत अडकले होते, पण अमरसिंग हाकेसरशी आला. जमनाबाईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि रिक्षा सुटला. वाटेत जमनाबाईला एकच घोर. तिच्या माणसानं दगड रंगवले की नुसताच भांडत बसला, हे तिला कुठं ठाऊक होतं? रिक्षा दवाखान्याशी आला, शिपायानं सवयीनं शिट्टी तोंडात धरली, हात वर केला. मग खाली कडेकडं पाहिलं. पांढरी होती. ओली होती, पण पांढरी. सकाळी रंगाऱ्याला पकडून नेणारा हाच माणूस, पण त्याला सांगितलं होतं तेच त्यानं केलं.

"पांढरं हाय. थांबा," तो म्हणाला.

जमनाबाईनं पोरीला उतरवलं आणि दारातून आत नेलं. फाटकापासून खाट किती जवळ असते, हे तिला त्या दिवशी कळलं. रिक्षाच्या चाकाला रंग लागला आणि पुढं बाजारापर्यंत रस्त्यावर त्याचे ठिपके पडत गेले.

दिवे लागायच्या आत अमरसिंग चौकीत आला. "मामा, मुलगी झाली. ताई बरी हाय. दारातच थांबवलं मला, काही बोलला न्हाई तो."

तातेरावांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. दिवसभरात पहिल्यांदाच.

जमादार हसले. "जावा मंग, नात बघा."

"तक्रारीचं काय झालं?"

"नगरपंचायतीचा माणूस आला न्हाई. फोन केला तर म्हणतेत, तिथं पिवळाच होता असं आमाला नक्की सांगता येणार न्हाई."

तातेरावांचे डोळे उघडले. "सांगता येणार न्हाई? काल तर आधीपासून होता म्हणत होते." ते बाकावर पुन्हा घट्ट बसले. "मंग तुमी लिहून घ्या. पिवळं म्या मारलं, पांढरं बी म्याच मारलं. नाव तातेराव."

"अहो, लिहिलं तर तुमच्यावरच येईल सगळं."

"येऊ द्या. कुणावर तर येऊ द्या. एवढ्या बायांना तकलीफ झाली आन् ती कोणीच केली न्हाई, असं कसं?"

जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तुमचं बराबर हाय. पण माझी बी नात लहान हाय, मला घरी जायचंय. तुमी उठल्याशिवाय मला उठता येईना."

तेव्हा तातेराव उठले. राग उठला नाही, तो बरोबरच होता.

सकाळी ते नातीला पाहायला निघाले, नवं झबलं हातात, राहिलेल्या दगडासाठी डबा-ब्रश काखोटीला. दवाखान्यापुढं येऊन पाहतात तर पांढऱ्या कडेला एक मोठी जीप आडवी, काचा काळ्या. तिच्या मागं मोटारसायकलींची रांग, बाजूला एक रिकामी ट्रॉली. एक बाई दूर रस्त्याच्या मधोमध टेम्पोतून उतरत होती, पोटाला हात धरून. शिपाई सावलीत उभा.

"हे काय?" तातेरावांनी विचारलं.

"पांढरं हाय न्हवं. पांढऱ्यावर उभं करता येतं. बाजारवाले समदे इथंच लावून राहिले." शिपाई कुरकुरला. "तुमीच केलं पांढरं, मामा. काल मला बी बरं वाटलं होतं."

तातेरावांनी जीपकडं पाहिलं, कडेकडं पाहिलं. पिवळ्यानं कोणी थांबू शकत नव्हतं, पांढऱ्यानं कोणी हलत नव्हतं. आणि इथं पाहिजे होतं ते निराळंच: थांबा, बाईला उतरवा, निघा. एवढ्यासाठी त्यांच्याकडं रंग नव्हता. नगरपंचायतीकडं तर नव्हताच.

झबलं जमनाबाईच्या हाती देऊन, नातीचं तोंड पाहून ते बाहेर आले आणि ब्रश घेऊन त्या पांढऱ्या कडेवरच बसले. जीपवाला आला.

"काढा गाडी," तातेराव म्हणाले.

"पांढऱ्यावर लावलीय. तुमी कोण?"

"रंगारी."

"मंग रंग मारा की. गाडीचं तुमाला काय?"

"गाडी काढा म्हंजे मारतो. न्हाई काढली तर गाडीवरच मारतो."

ब्रश खरंच हातात होता. शिपायानं तोंड दुसरीकडं फिरवलं. जीप निघाली.

पुनम सव्वा महिन्यानं लेक घेऊन सासरी गेली. सभा झाली की नाही ते कोणाला माहीत नाही. कड पांढरीच आहे. तातेराव बाजाराच्या दिवशी तर येतातच, इतर दिवशीही दुपारपर्यंत कडेवर बसलेले दिसतात. नगरपंचायतीनं त्यांना बसवलेलं नाही. उठवायलाही माणूस धाडला नाही, कारण तिथं कोणी बसलेलंच नाही असं तिच्या कागदावर आहे. लोक हुज्जत घालतात, काही शिव्या देतात, काहीजण म्हातारा सटकलाय म्हणतात. बाया मात्र रिक्षातून उतरताना त्यांच्या खांद्याचा आधार घेतात.

जमनाबाई दुपारी अमरसिंगच्या हाती भाकर पाठवते. परवा तो रिक्षा थांबवून, डबा देऊन, जरा पाय मोकळे करत तंबाखू मळायला लागला. तातेरावांनी ब्रशच्या दांड्यानं रिक्षाचं टप वाजवलं.

"भाकर दिली न्हवं? मंग निघ. पांढऱ्यावर हाय म्हणून काय संसार मांडतोस का?"